आयकॉन काढायचा, तो पलीकडच्या पडद्यासाठी

गेले काही महिने रात्रीची जेवणे आटोपली की मी जुने डॉस प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवणारा डॉसबॉक्स सुरू करून ३२ बाय ३२ पिक्सेलच्या चौकोनात एकेक टिंब भरत बसतो. पुण्यातला माझा एक मित्र हौसेने बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे टेलिफोनवरून जोडून घेऊन निरोप आणि फाइलींची देवाणघेवाण करायची संगणकसेवा (बीबीएस), चालवतो आणि तिचा मेनू मराठीत असावा, अशी आम्हा दोघांची फार दिवसांची इच्छा आहे. त्या मेनूसाठी आयकॉन तयार करताना मला एक गोष्ट मनोमन पटली आहे. या कामासाठी असलेल्या एडिटरची पारख त्यात ब्रश किती आहेत यावरून होत नाही. टेलिफोनच्या तारेपलीकडे बसलेल्या माणसाला पडद्यावर काय दिसणार आहे, हे त्या एडिटरला ठाऊक आहे की नाही, यावरून ती होते.

पहिली बीबीएस १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोत सुरू झाली आणि पुढची अनेक वर्षे या जगात चित्र म्हणजे अक्षरांची नक्षीच होती. ८० स्तंभ, २५ ओळी आणि १६ रंग एवढ्यावरच कलावंतांनी अप्रतिम काम करून ठेवले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेलिग्राफिक्स कम्युनिकेशन्स या कंपनीच्या रिपस्क्रिप्ट या चित्रे पाठवण्याच्या भाषेची १.५४ ही आवृत्ती आली, ती रुजली, आणि बीबीएसवर खरी बटणे, खिडक्या आणि आयकॉन दिसू लागले. कंपनीचा रिपटर्म हा वापरणाऱ्याला बीबीएसशी जोडणारा टर्मिनल प्रोग्रॅम ही चित्रे दाखवत असे, तर रिपपेंटमध्ये ती काढता येत. रिपपेंटमध्ये ओढलेली रेघ पिक्सेलच्या रूपात नव्हे, तर आज्ञेच्या रूपात जपली जाते, आणि ती आज्ञा साध्या छापील अक्षरांतच लिहिलेली असते. आकडेसुद्धा ० ते ९ आणि पुढे ए ते झेड अशा ३६ चिन्हांत मांडतात, त्यामुळे १२९५ पर्यंतची कोणतीही संख्या दोन अक्षरांत मावते.

एवढी काटकसर का करावी लागली, हे साध्या हिशेबावरून कळते. पडदा ६४० बाय ३५० पिक्सेलचा, रंग १६, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला चार बिट. पूर्ण पडद्याचे चित्र १,१२,००० बाइटचे होते. २४०० बिट वेगाच्या मोडेमवरून सेकंदाला २४० अक्षरे जातात, म्हणजे ते एक चित्र यायला पावणेआठ मिनिटे लागणार, आणि टेलिफोनचे बिल तेवढा वेळ चालूच राहणार. म्हणून आयकॉनच्या आयसीएन फाइली वापरणाऱ्याच्या संगणकावर आधीच उतरवून ठेवत. बीबीएस फक्त जागा आणि फाइलचे नाव कळवी, जेमतेम वीस अक्षरांत, आणि चित्र क्षणात पडद्यावर उमटे. मला या रचनेचे आजही मनापासून कौतुक वाटते.

आयसीएन फाइलची घडण बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राफिक्स लायब्ररीतून आली आहे. सुरुवातीच्या चार बाइटमध्ये रुंदी आणि उंची असते, पण दोन्ही एकने कमी करून. ३२ च्या जागी ३१ लिहायचे असते. त्यापुढे प्रत्येक आडव्या ओळीसाठी चार थर येतात, प्रत्येक थरात दर पिक्सेलला एक बिट: आधी तेजस्वितेचा, मग लाल, हिरवा आणि शेवटी निळा. मी सुरुवातीला आजच्या एका चित्र-प्रोग्रॅममध्ये आयकॉन काढून स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने त्याचे रूपांतर केले आणि थरांचा क्रम नेमका उलटा लावला. लाल पत्रपेटी हिरवी झाली, तिच्यावरची पिवळी पट्टी फिकट करडी पडली आणि मागचे निळे आकाश गडद करडे झाले. क्रम दुरुस्त केला, तर रुंदीतला तो एक वजा करायचा राहिला होता; मग टर्मिनल प्रत्येक थराला चारऐवजी पाच बाइट वाचू लागले आणि सगळे चित्र विस्कटले. या दोन चुका शोधण्यात तीन रात्री गेल्या.

रंगांची गोष्ट याहून नाजूक आहे. आयसीएनमध्ये रंग साठवलेले नसतात, फक्त ० ते १५ असे क्रमांक असतात, आणि त्या क्रमांकांना ६४ रंगांपैकी कोणते सोळा लावायचे, हे बीबीएस त्या वेळी ठरवते. त्यामुळे एडिटरमध्ये सुरेख दिसणारा आयकॉन दुसऱ्याच मेनूवर ओळखू येणार नाही, असे घडू शकते. शिवाय ६४० बाय ३५० च्या पडद्यावर पिक्सेल चौरस नसतो. चार-तीन प्रमाणाच्या मॉनिटरवर त्याची उंची रुंदीच्या साधारण १.३७ पट असते. चौरस जाळीवर काढलेले गोल घड्याळ तिथे अंड्यासारखे उभे दिसते. डॉसबॉक्समध्ये पडद्याचे प्रमाण सुधारण्याची सोय चालू केल्याशिवाय ही चूक दिसतच नाही.

मराठीसाठी हाच पिक्सेल कळीचा ठरला. रिपस्क्रिप्टचे सगळे टंक रोमन आहेत, त्यामुळे प्रत्येक देवनागरी शब्द चित्र म्हणूनच काढावा लागतो. ‘निरोप’ हा शब्द ३२ पिक्सेलमध्ये मावेना, म्हणून त्याला ६४ बाय ३२ चा चौकोन घेतला. शिरोरेखा आणि उभे दंड दोन्ही एकेक पिक्सेल जाडीचे ठेवले, तेव्हा पडद्यावर शिरोरेखा ठसठशीत आणि दंड हडकुळे दिसले. आडव्या रेघेच्या वाट्याला पिक्सेलची उंची येते आणि उभ्या रेघेच्या वाट्याला त्याची रुंदी. दंड दोन पिक्सेलचे केल्यावर अक्षरांना बोरूच्या वळणाचे वजन आले. वेलांटी आणि ओकार यांच्यासाठी शिरोरेखेच्या वर सात ओळी मोकळ्या सोडल्या, उकारासाठी खाली पाच, आणि हेच माप सगळ्या शब्दांना लावायचे ठरवले, म्हणजे मेनूत शिरोरेखा एका ओळीत येतील.

‘निरोप’, ‘फाइली’ आणि ‘बाहेर’ हे तीन आयकॉन तयार झाले आहेत. ‘चर्चा’ अजून अडलेला आहे, कारण दुसऱ्या ‘च’वरचा रफार सात ओळींत काढला की मात्रेसारखा वाचला जातो. काल त्याचे टोक एक पिक्सेल डावीकडे वळवून पाहिले. आज रात्री मित्राच्या जुन्या मॉनिटरवर ते कसे दिसते, ते पाहायला जाणार आहे.