न पुसलेला आकडा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या आमच्या गणिताच्या बाई. बाकीच्या गुरुजनांचं ऋण मोठंच आहे, पण त्यांच्याविषयी माझ्याहून चांगलं लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. मी सध्या संख्याशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय आहे महासागरांची संगणकीय मॉडेल्स. या वाटेवर मला बाईंनी आणून सोडलं, म्हणून ही दोन्ही पानं त्यांचीच.

बाईंची तांबडी शाई आठवते ना? मोजमापाचं कुठलंही उत्तर लिहिलं, की त्याच्या शेजारी त्या शाईत एकच प्रश्न असायचा, ‘इकडेतिकडे किती?’ उत्तर बरोबर असलं तरी. टेबलाची लांबी लिहिली, तर ती किती मिलिमीटरनं कमीजास्त असू शकेल हे लिहिल्याशिवाय बाई गुण द्यायच्या नाहीत. पाठ्यपुस्तकात हे नव्हतं, परीक्षेलाही येत नव्हतं. त्या मात्र शेवटपर्यंत हटल्या नाहीत.

आठवीत क्षेत्रफळाचा धडा चालू असताना त्यांनी आम्हाला मीटरपट्ट्या देऊन सभागृहात नेलं. गट पाडले, प्रत्येक गटाला वेगळी जागा दिली आणि सभागृहाची रुंदी मोजायला सांगितली. वर्गात परतल्यावर सगळे आकडे फळ्यावर गेले. बहुतेक आकडे बोट-दोन बोटांच्या फरकानं जुळत होते. मंचाजवळच्या गटाचा आकडा मात्र चांगला वीतभर कमी. वर्ग हसला. एकजण उठून डस्टर घेऊन फळ्याकडे निघालाही. बाईंनी त्याच्या हातातून डस्टर काढून घेतलं आणि म्हणाल्या, “आकडा पुसायचा नाही. तो तसा का आला ते आधी शोधायचं.”

तेवढ्यात तास संपला. बाईंनी त्या आकड्याभोवती खडूची चौकट काढली, खाली ‘पुसू नये’ असं लिहिलं आणि गेल्या. पुढच्या तासाला हिंदीच्या सरांनी उरलेल्या फळ्यावर शिकवलं. दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या गटांना मंचाजवळच मोजायला लावलं आणि प्रत्येकाचा आकडा तितकाच कमी आला. आमचं सभागृह मंचाकडे निमुळतं होत जातं! रोज तिथं रांगेत बसूनही आमच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

दहावीनंतर विज्ञान शाखा, मग संख्याशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी. एमएस्सीच्या प्रकल्पात मला आर्गोची माहिती हाताळायला मिळाली. आर्गो म्हणजे जगभरच्या समुद्रांत सोडलेले जवळपास चार हजार स्वयंचलित तरंगते, म्हणजे तरंगणारी मोजयंत्रं. ते एरवी १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतात, वर येताना पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजतात आणि पृष्ठभागावर पोचले की उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग महासागर पोटात घेतात, त्यामुळे या आकड्यांचं मोल फार आहे. पण एवढ्या अफाट पाण्यात चार हजार म्हणजे तुरळकच. मधल्या जागी काय असेल याचा अंदाज करावा लागतो. त्यासाठी वापरतात त्या पद्धतीचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत आहे. डॅनी क्रिगे या खाण अभियंत्यानं १९५०च्या दशकात मोजक्या नमुन्यांवरून सोन्याचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातेरों यांनी त्याला पक्कं गणिती रूप दिलं. क्रिगे यांच्या नावावरून या पद्धतीला ‘क्रिगिंग’ म्हणतात. तिचा खरा गुण असा, की ती अंदाजासोबत प्रत्येक ठिकाणची अनिश्चितताही काढून देते. हे पहिल्यांदा शिकले तेव्हा वहीच्या समासात मी तांबड्या शाईनं ‘इकडेतिकडे किती?’ असं लिहून ठेवलं.

आता माझं काम मॉडेलवर चालतं. मॉडेल समुद्राची जाळी पाडतं आणि प्रत्येक चौकटीत पाण्याची गती, तापमान, क्षारता यांची समीकरणं थोड्या थोड्या वेळाच्या पायऱ्यांनी सोडवत जातं. एक अंशाच्या जाळीत विषुववृत्तापाशी चौकटीची एक बाजू सुमारे १११ किलोमीटर भरते. समुद्रातले बरेचसे भोवरे त्याहून लहान असतात आणि पाण्याची सरमिसळ तर काही सेंटिमीटरवरही चालते. जाळीत न मावणाऱ्या या गोष्टी ठरावीक आकड्यांच्या रूपानं, म्हणजे पॅरामीटर म्हणून, मॉडेलमध्ये घालाव्या लागतात. ते आकडे किती धरायचे, हाच माझा प्रश्न. मोठं मॉडेल महासंगणकावरही आठवडेच्या आठवडे चालतं, सगळ्या शक्यता तपासणं अशक्य. म्हणून मोजकेच प्रयोग विचारपूर्वक निवडायचे आणि त्यांवरून मॉडेलची झटपट चालणारी संख्याशास्त्रीय प्रतिकृती बांधायची. तिला एम्युलेटर म्हणतात. मग तिच्या मदतीनं, प्रत्यक्ष निरीक्षणांशी मुळीच जुळणार नाहीत ते पॅरामीटर बाद करत जायचं. बाद करताना निरीक्षणाची चूक, एम्युलेटरची चूक आणि खुद्द मॉडेलची उणीव या तिन्ही गोष्टी हिशेबात धराव्या लागतात. तिसरीवरच माझ्या प्रबंधाचं सगळ्यात अवघड प्रकरण आहे.

पाण्याची सरमिसळ किती जोरात होते, या आकड्याची हकिगत बाईंना मी फोनवर सांगितली तेव्हा त्या फार खूश झाल्या. १९६६ साली समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी पॅसिफिकच्या खोल पाण्याच्या मोजमापांवरून हा आकडा काढला होता. पुढे १९९०च्या दशकात अटलांटिकमध्ये सुमारे ३०० मीटर खोलीवर एक निरुपद्रवी रसायन सोडून ते वर-खाली कसं पसरतं हे महिनोनमहिने मोजलं, तेव्हा आकडा जवळपास दहापट कमी भरला. दोन्ही मोजमापं कसलेल्या माणसांची. कोणताही आकडा पुसला गेला नाही. शोध चालू राहिला आणि असं दिसलं की खडबडीत समुद्रतळावर सरमिसळ जोरात होते, सपाट तळावर अगदी मंद. मोजण्याची जागाच वेगळी होती. बाई लगेच म्हणाल्या, “म्हणजे मंचाजवळची भिंत!”

संशोधनाइतकीच माझी हौस शाळाशाळांत जाऊन हे सांगण्याची. काचेच्या टाकीत मधे पडदा घालून एका बाजूला निळं खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला तांबडं गोडं पाणी भरते. पडदा काढण्याआधी काय होईल ते मुलांनी लिहायचं. पडदा निघाला की निळं पाणी तळाशी सरकतं आणि वर्ग ओरडतो. एकदा एका मुलीनं विचारलं, “तुम्ही प्रत्येक वेळी इतक्यापासून इतक्यापर्यंत म्हणता, मग तुम्हाला नक्की काहीच माहीत नसतं का?” मी तिला म्हटलं, समुद्र तापतोय हे नक्की माहीत आहे; कुठल्या खोलीवर किती, याचा पट्टा सांगता येतो, आणि पट्टा सांगणं हेही माहीत असणंच आहे. बातम्यांमधून तो पट्टा गळतो आणि एकच आकडा उरतो, याचा मला खरोखर राग येतो. लोकांना पूर्ण उत्तर पेलतं. आम्हाला तर ते आठवीत पेललं होतं.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेले. नवी इमारत देखणी आहे, संगणक कक्ष उत्तम आहे. पण जुने फळे गेले, आणि बाईंच्या निवृत्तीनंतर शनिवारची अंदाजवही बंद पडली याचं फार वाईट वाटलं. नव्या मुलांसाठी सांगते. दर शनिवारी बाई एक वस्तू द्यायच्या, कधी दप्तर, कधी दगड, कधी पाण्यानं भरलेली बाटली. वजन कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असेल ते लिहायचं, मग तराजू. पट्टा जितका रुंद तितके गुण कमी. अरुंद पट्टा लिहिला आणि खरा आकडा बाहेर पडला, तर किती अंतरावर पडला त्या मानानं आणखी कपात. अंदाजाला गुण देण्याची अगदी हीच रीत मला एमएस्सीला ग्नाइटिंग आणि राफ्टरी या संख्याशास्त्रज्ञांच्या २००७च्या शोधनिबंधात भेटली. आज जगभर अंदाज तपासायला ती वापरतात. बाईंनी ती स्वतःच्या विचारानं, आठवीच्या वर्गासाठी बसवली होती.

एक विनंती आहे. ज्यांच्याकडे त्या अंदाजवह्या अजून असतील त्यांनी महोत्सवाला येताना त्या घेऊन याव्यात. नावं वगळून मी फक्त आकडे उतरवून घेईन आणि वह्या त्याच दिवशी परत करीन. जूनमध्ये लिहिलेले पट्टे मार्चपर्यंत किती अरुंद झाले आणि तरीही खरे ठरत राहिले का, हे मला काढायचं आहे. त्यावर नव्या मुलांसाठी एक तक्ता करून शाळेला देईन, आणि मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर अंदाजवही पुन्हा सुरू करायला दर सत्रात एक शनिवार येईन. बाईंनी त्यांच्याकडच्या वह्या आधीच बाजूला काढून ठेवल्या आहेत.