पाण्याखाली असताना कयाक सांभाळताना : नांगर आणि ओढदोरी

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, छोट्या होडीवरून, स्कूबा डायव्हिंग करायचे ठरवले, तेव्हा पाण्याखाली काय दिसेल यापेक्षा वर राहिलेल्या कयाकचे काय होईल, हाच प्रश्न मला अधिक छळत होता. मोठ्या बोटीवर नावाडी असतो. तो बुडबुड्यांवर नजर ठेवतो आणि आपण वर आलो की बोट आपल्याजवळ आणतो. इथे मी आणि माझा जोडीदार दोघेही खाली जाणार, म्हणजे वर कोणीच नाही. अशा वेळी कयाक नांगर टाकून समुद्रतळाच्या हवाली करायची, किंवा तिची दोरी हातात धरून तिला आपल्यामागे ओढत न्यायचे, हे दोन मार्ग उरतात. मी दोन्ही शिकलो, आणि आता कुठला केव्हा वापरायचा हे माझ्या आवडीवर नव्हे, तर वाऱ्यावर आणि प्रवाहावर सोडतो.

सुरुवात नांगराने केली. चार नख्यांचा, घडी होणारा, सुमारे दीड किलोचा नांगर आणि त्यामागे साखळीचा छोटा तुकडा, एवढेच माझे साहित्य होते. साखळीच्या वजनामुळे ओढ वरच्या दिशेने न येता आडवी येते आणि नख्या उपटण्याऐवजी रुततात. नांगर नीट धरावा म्हणून खोलीच्या पाच ते सात पट दोरी सोडावी, असा बोटींचा सर्वसाधारण नियम आहे. त्या हिशेबाने 12 मीटर खोलीला 60 ते 84 मीटर दोरी लागेल, आणि तेवढा गुंता कयाकवर ठेवायला जागाच नसते. मात्र पाणबुड्याला एक सवलत आहे, ती म्हणजे खाली पोहोचल्यावर तो नांगर स्वतःच्या हाताने बसवू शकतो. त्यामुळे वारा हलका असेल तर खोलीच्या दुप्पट-तिप्पट दोरीत माझे काम भागते. उतरल्यावर मी सर्वांत आधी नांगर पाहतो, तो प्रवाळावर पडला असेल तर उचलून वाळूत रोवतो, आणि मगच पुढे निघतो.

दोरी कयाकला कुठे बांधली आहे, याला नांगराइतकेच महत्त्व आहे. मधोमध, कडेला बांधली तर प्रवाह कयाकला आडवी धरतो, त्या बाजूची कड पाण्यात दबते आणि कयाक उलटू शकते. म्हणून ओढ नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकावरच यायला हवी. अडचण अशी की बसल्या जागेवरून त्या टोकांपर्यंत हात पोहोचत नाही. त्यासाठी मी कडेने दोन कप्प्यांवरून (पुलींवरून) फिरणारी दोरी लावून घेतली आणि तिच्यात एक कडी अडकवली. नांगराची दोरी हाताशी असतानाच कडीतून ओवायची आणि मग ती कडी ओढून टोकाला न्यायची. नांगराची दोरी कयाकवर जिथे अडकवली आहे तिथे एका झटक्यात सुटणारी गाठ आणि दोरीच्या शेवटाला छोटा तरंगता गोळाही बांधला, म्हणजे प्रसंगी नांगर तिथेच सोडून देता येतो आणि नंतर परत येऊन शोधता येतो.

नांगर टाकला की डायव्हचा आराखडा मात्र बांधला जातो. आधी प्रवाहाविरुद्ध पोहत जायचे, म्हणजे परतीला प्रवाह साथ देतो, आणि टाकीतल्या हवेचा एक तृतीयांश वाटा जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव, अशी वाटणी करायची. प्रवाह जोराचा असेल तर हा हिशेबही पुरत नाही. प्रवाहासोबत कयाकच्या बरेच पुढे वाहत जाऊन वर आलो, तर तिच्यापर्यंत पोहत जाणे जवळजवळ अशक्य होते.

ओढत नेण्यात हे सगळे उलटे होते. प्रवाह आम्हालाही वाहून नेतो आणि कयाकलाही, त्यामुळे निव्वळ प्रवाहाचा हातावर फारसा भार येत नाही. इथला खरा वैरी म्हणजे वारा. रिकामी, हलकी कयाक वाऱ्याला सहज बळी पडते आणि तिची सगळी ओढ खाली दोरी धरलेल्या माणसावर येते. वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असतील तर हा प्रवास निवांत होतो. परस्परविरुद्ध असतील तर दोरी सतत ताणलेली राहते, पोहण्याचा दम वाढतो आणि हवा भराभर संपते. असा वारा मध्येच उठला तेव्हा आम्ही डायव्ह आवरता घेतला आहे, आणि त्याची मला अजिबात खंत वाटत नाही.

ओढदोरी मी पुढच्या टोकाला बांधतो, म्हणजे कयाक सरळ मागे येते, आणि दुसरे टोक रीलवर ठेवून रील हातात धरतो. ती बीसीडीला, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जाकिटाला, अडकवण्याचा मोह होतो, कारण हात मोकळे राहतात; पण एखाद्या जाणाऱ्या बोटीत दोरी अडकली किंवा मोठ्या लाटेने कयाक उचलली, तर माणूसही तिच्यासोबत वर खेचला जाईल. मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये असे शिकलेल्याला यातला धोका वेगळा सांगायला नको. दोरी खोलीच्या साधारण दीडपट सोडतो. त्याहून आखूड असली की प्रत्येक लाटेचा हिसका हाताला बसतो, आणि फार लांब असली की सैल वेढे फिन्समध्ये (पायांतल्या पोहण्याच्या पंखांत) गुंततात. दोरी कापायचे साधन हाताशी असतेच. कयाकवर पाण्याखाली पाणबुडे असल्याचे सांगणारा निळा-पांढरा अल्फा झेंडाही उंच काठीवर असतो, कारण लाटांमध्ये बुटकी कयाक दुरून दिसतच नाही. ओढत नेण्याचा मोठा लाभ म्हणजे हा झेंडा आमच्या डोक्यापासून फार दूर जात नाही.

अलीकडे मी बहुतेक वेळा दोहोंची सांगड घालतो. नांगराच्या दोरीने खाली उतरायचे, नांगर सोडवून घडी करून हातात घ्यायचा आणि तीच दोरी धरून पुढे सरकायचे. एखादी कपार निवांत पाहायची असेल तर वाळूत नांगर पुन्हा रोवायचा. यात एक बारकावा आहे. दीड किलोचा पोलादी नांगर पाण्यातही सुमारे 1.3 किलो भरतो, आणि तो पेलायला बीसीडीत थोडी जास्त हवा भरावी लागते. म्हणून नांगर हातातून सोडण्याआधी ती हवा काढून टाकायची, नाहीतर माणूस अचानक हलका होऊन वर जाऊ लागतो.

वर येताना 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा सुरक्षेचा थांबा दोरीशेजारीच घेतो, पण तिला लटकत नाही. पृष्ठभागावर आल्यावर आधी खाली जाण्यासाठी अंगावर लावलेली वजने काढून कयाकवर ठेवतो, मग बीसीडी फुगवून काढतो आणि पट्ट्याने बांधून तरंगत ठेवतो. फिन्स मात्र पायातच असतात. जोडीदार पलीकडून कयाक दाबून धरतो. मी अंग पाण्यावर आडवे होईपर्यंत पाय मारतो, छाती मधोमध चढवतो आणि वळून बसतो. त्यानंतर टाकी वर घेतो आणि अगदी शेवटी, कडी हाताशी आणून, नांगर उचलतो. दोरी जशी येते तशीच पिशवीत भरत जातो. वेटोळे घालत बसलो तर पुढच्या वेळी ती हमखास गुंतते.