हिवाळ्याची तयारी, नोंद ७: उत्तरेच्या वळचणीचा चोर सापडला

मंडळी, चोर सापडला! तीन हिवाळे उत्तरेच्या ज्या कोपऱ्यावर बर्फाचा बांध बसतोय, तिथे उष्णता नेमकी कुठून येते ते मंगळवारी सकाळी कळलं. पूर्ण बंदोबस्त अजून झालेला नाही. का, ते पुढे येईलच.

नव्यांसाठी थोडक्यात. घर अमेरिकेतल्या मिनेसोटामधलं, साउथ मिनियापोलिसमधलं, १९२६चं, दीडमजली. वर दोन खोल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना नी-वॉल (उतरत्या छपराखालची बुटकी भिंत), आणि नी-वॉलच्या मागे छप्पर उतरत जातं तो काळोखा त्रिकोण. बर्फाचा बांध म्हणजे काय हे इथल्या बहुतेकांनी भोगलेलं आहे. खालून छप्पर तापतं, बर्फाचा तळचा थर वितळतो, पाणी घरंगळत वळचणीला येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, थंडगार, म्हणून तिथे ते पुन्हा गोठतं. बांध चढत जातो, मागे पाणी तुंबतं आणि शिंगल्सच्या (छपरावर ओळीने चढवलेल्या पट्ट्यांच्या) खालून उलटं आत शिरतं. गेल्या फेब्रुवारीत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीतून दोन दिवस टिपटिप चालली होती.

मागच्या वर्षी मी काय केलं ते नोंद ४ आणि ५मध्ये आहे. नी-वॉलच्या खालून जॉइस्टचे (जमिनीखालच्या लाकडी तुळयांचे) जे १४ बे, म्हणजे मधले कप्पे, आतल्या खोलीच्या जमिनीखाली मोकळे जात होते, त्या प्रत्येकात फोम बोर्डाचा तुकडा बसवून कडा फोमने बंद केल्या. मुख्य चिमणीभोवती पत्रा आणि अग्निरोधक सीलंट. वर सेल्युलोज (ऊब धरून ठेवणारा कागदाचा भुगा). दक्षिणेकडचं पाखं तेव्हापासून अगदी शहाण्यासारखं वागतंय. उत्तरेकडे बांध मात्र तसाच, त्याच जागी.

या सप्टेंबरात पुन्हा उदबत्ती घेऊन त्या त्रिकोणात रांगलो. (फटी शोधायला इथे धूर सोडणाऱ्या खास पेन्सिली मिळतात. देवघरातली मोगरा उदबत्ती तेच काम तितकंच चोख करते, आणि अर्धा तास टिकते.) काहीच सापडलं नाही, धूर जिथल्या तिथे घुटमळत राहिला. मी समजलो की फटी संपल्या, आता जाडी कमी पडत असेल. म्हणून सेल्युलोजच्या आणखी २० पोत्यांची यादी केली. पुरेशी पोती घेतली की फुंकायचं मशीन फुकट मिळतं, तेही ठरवून ठेवलं.

चूक इथे होती, आणि ती नीट लिहून ठेवतो. त्या दिवशी आत ७० अंश होते, बाहेर ६८. (इथे सगळे अंश फॅरेनहाइट.) गरम हवा वर चढते ती बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलकी असते म्हणून. फरकच नसेल तर घर हवा ओढणार कशाला? भोक उघडं असूनही उदबत्ती गप्प बसते. तेव्हा फटी शोधायच्या त्या थंडीत. सप्टेंबरातल्या शोधाला काडीचा अर्थ नाही.

मग मंगळवार उजाडला. रात्री २८ अंशांपर्यंत उतरलं होतं आणि सकाळी सगळ्या छपरांवर गोठलेल्या दवाची पांढरी साय होती. कचऱ्याचा डबा रस्त्याला लावायला बाहेर पडलो, सहज मागे वळून पाहिलं आणि तिथेच उभा राहिलो. उत्तरेचं पाखं पूर्ण पांढरं आणि मधोमध एक काळा, ओला गोल. दोन हात रुंद. बाकी कुठे ठिपकाही नाही. अर्ध्या तासात ऊन आलं असतं आणि सगळं पुसलं गेलं असतं, म्हणून आधी धडाधड फोटो काढले. ज्यांच्याकडे थर्मल कॅमेरा नाही त्यांनी ऑक्टोबरातल्या अशा दोन-तीन सकाळी वाया घालवू नयेत. असा नकाशा नंतर भाड्याच्या कॅमेऱ्यानेही मिळत नाही, कारण एकदा बर्फ साचला की सगळं झाकलं जातं.

फोटो बाबांना पाठवला. ते राजापूरला असतात, तिकडे तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा. दर वर्षी मे महिन्यात स्वतः शाकारणीला उभे राहून त्यांनी कौलं फेरून घेतलेली आहेत. व्हिडिओ कॉलवर फोटो मोठा करून म्हणाले, "ओळी मोज. वळचणीपासून कितवी ओळ, नि कडेपासून किती अंतर. आत गेलास की तेच मोज, जागा चुकायची नाही." कौलारू घरात खालून थेंब पडतो तिथे कौल फुटलेलं नसतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण इथल्या शिंगल्सना तोच हिशेब लावायचं मला सुचलं नव्हतं.

डाग अकराव्या ओळीपासून सुरू होत होता. आमच्या शिंगल्सची उघडी पट्टी ५ पूर्णांक ५ अष्टमांश इंचांची, म्हणजे वळचणीच्या काठापासून साधारण ६२ इंच. त्यातले २४ इंच भिंतीबाहेरच्या छज्जाचे. आडवं अंतर संडासाच्या व्हेंट पाइपपासून पूर्वेला ५ फूट. आत तर हे मोजणं आणखी सोपं, कारण शिंगल्सच्या खिळ्यांची टोकं फळ्यांतून खाली आलेली असतात आणि त्यांच्याही ओळी दिसतात. रांगत गेलो, ओळी मोजल्या आणि बरोबर त्याखालची जुनी रॉकवूल (इन्सुलेशनची दगडी लोकर) उचलली. ती काळी कुळकुळीत. गेल्या वर्षी हाच काळा रंग मी पाहिला होता आणि शंभर वर्षांची धूळ म्हणून सोडून दिला होता. जुन्या इन्सुलेशनमधला काळा पट्टा म्हणजे तिथून वर्षानुवर्षं हवा गाळली गेली आहे. हे वाचलेलं होतं, तरी नजरेआड केलं.

रॉकवूलखाली दोन फळ्या. फळ्यांखाली विटांची चिमणी.

दुसरी चिमणी! हिचा पत्ताच नव्हता. पूर्वी स्वयंपाकघरात कोळशाची किंवा लाकडाची शेगडी असणार, तिची ही. कधीतरी छप्पर बदलताना कुणीतरी वरचा भाग पाडून छपराच्या फळ्या सलग केल्या, आणि उरलेल्या तोंडावर दोन फळ्या टाकून काम संपवलं. खाली तळघरात गेलो. पाण्याच्या हीटरच्या मागे, जुन्या शेल्फाआड एक गंजलेलं लोखंडी दार सापडलं, राख काढायचं, बोटभर उघडं. फटीशी उदबत्ती धरली. निखारा लालभडक झाला आणि धूर सरळ आत ओढला गेला, जणू कुणी पलीकडून फुंकणी उलटी धरली होती. मी बायकोला हाका मारून खाली बोलावलं, मग मुलीला. तिघांनी आळीपाळीने उदबत्ती धरून पाहिली. तीन वर्षं बॉयलरवर खर्च केलेला गॅस तळघरातून थेट छपराला जात होता.

पुढे जाण्याआधी दोन खातरजमा केल्या, त्या कुणी टाळू नयेत. एक, बॉयलर आणि हीटर दोन्हींचे पाइप मुख्य चिमणीतच जातात ना? जातात. वापरातली चिमणी बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. दुसरी, वरच्या इन्सुलेशनमध्ये व्हर्मिक्युलाइटचे (एका फुगवलेल्या खनिजाचे) चमकदार खडे नाहीत ना? नाहीत. असते तर तिथेच थांबलो असतो. अमेरिकेतला तसला बराच माल मोंटानातल्या लिबीच्या खाणीतला, आणि त्यात फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस आहे. ती खाण १९९०मध्ये बंद झाली, पण माल अजून माळ्यांवर पडून आहे.

आता डोकेदुखी. चिमणीचं आतलं तोंड ८ बाय ८ इंच. गुरुवारी पत्रा कापला, सीलंटची जाड रेघ दिली, दाबून बसवला. शुक्रवारी सकाळी पत्रा हाताने अलगद उचलला गेला. काजळीवर काहीही चिकटत नाही. तारेच्या ब्रशने घासायला लागलो तर वरचा थर हलायला लागला. विटांच्या सांध्यांतल्या जुन्या चुन्याच्या दर्जांची वाळू झालेली. एक वीट निसटली आणि दोन मजले खाली जाऊन तळघरातल्या त्या दारावर अशी आदळली की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. सैल झालेले दोन थर हाताने काढले, व्हॅक्यूम फिरवला, पत्र्याऐवजी सिमेंट बोर्डाचा तुकडा घेतला आणि तो विटा जोडायच्या सिमेंटच्या मसाल्याच्या गादीवर बसवला. पिशवीवर ४० अंशांच्या वर वापरा असं लिहिलंय आणि माळ्यावर रात्री तेवढं राहत नाही, म्हणून नी-वॉलचं दार उघडं ठेवून घरातली ऊब आत सोडली. शनिवारी झाकण दगडासारखं घट्ट. अतिशय समाधान वाटलं.

रविवारी बाहेर ३४ अंश होते. उदबत्ती घेऊन गेलो. झाकणावर धूर शांत. झाकणाच्या बाजूला, विटा आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत, धूर पुन्हा सरळ वर.

मला तिथे बसूनच हिशेब करावा लागला. चिमणीपासून लाकूड दोन इंच लांब ठेवायचं असतं, जुन्या सुतारांनी ते इमानाने ठेवलेलं. चिमणी बाहेरून १६ बाय १६. भोवतीचं लाकडी चौकोनी भोक २० बाय २०. म्हणजे ४०० वजा २५६, एकूण १४४ चौरस इंचांची फट, तळघरापासून माळ्यापर्यंत उघडी. मी एवढा आटापिटा करून बंद केलेलं भोक ६४ चौरस इंचांचं. मोठं दार उघडंच होतं!

मग पत्र्याच्या काटकोनी पट्ट्या चारही बाजूंनी लावायला घेतल्या. एक कड जॉइस्टला स्क्रूने, दुसरी विटांना लाल सीलंटने. तीन बाजू झाल्या. चौथी भिंतीकडची, तिथे छप्पर इतकं खाली येतं की हात जातो पण हातासोबत ड्रिल जात नाही. रविवारची पूर्ण दुपार त्या चौथ्या पट्टीत गेली. लवचिक दांडीचा ड्रिल-जोड आणला, त्याचं टोक सारखं घसरत राहिलं. ती दांडी मी परत करणार आहे. ज्या मोठ्या दुकानातून आणली तिथे सगळं मिळतं, पण आपण काय करतोय ते ऐकून घ्यायला कुणी उभं राहत नाही. सीलंट मात्र कोपऱ्यावरच्या छोट्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतला. तिथल्या आजोबांनी आधी "चिमणी चालू आहे की बंद?" हे विचारलं, मगच डबा दिला.

आणि हे लिहिता लिहिता त्यांचा तोच प्रश्न पुन्हा आठवला. चिमणी बंद आहे. कायमची. मग दोन इंचांचं अंतर सांभाळत तिच्याभोवती पट्ट्या कशाला? जॉइस्टच्या वर ती आता जेमतेम पावणेअकरा इंच उभी आहे, म्हणजे विटांचे चार थर. एका थरात सहा विटा, एकूण २४. दर्जा इतक्या भुसभुशीत आहेत की हाताने निघतील. झाकणासकट ते चार थर उतरवले की चिमणी जॉइस्टच्या पातळीला येते, आणि २४ बाय २४चा एकच सलग पत्रा चिमणी आणि फट दोन्हींवर बसतो. ज्या दोन कडांना जॉइस्ट नाही तिथे दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या. चौथी बाजू उरतच नाही, कारण पत्रा पलीकडून आधी सरकवून मग अलीकडून कसता येतो. मेहनतीने बसवलेलं झाकण काढताना जिवावर येईल, पण हेच बरोबर आहे. २० पोती रद्द. त्या पैशांत पत्रा, सीलंट आणि भरपूर उरतील.

तळघरातलं दार तोवर सीलंट लावून बंद केलंय. स्वयंपाकघरात कपाटामागे शेगडीच्या पाइपाचं गोल भोक पत्र्याच्या ताटलीने झाकलेलं असणार, तेही शोधायचंय. तिथे भिंत खरवडावी लागली तर ओलं करून आणि मास्क लावूनच. १९७८च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं. सगळं झाल्यावर पंखे, ड्रायर, स्वयंपाकघराचा हूड एकदम चालू करून पाण्याच्या हीटरच्या हूडपाशी (जिथून त्याचा धूर पाइपात शिरतो) उदबत्ती धरणार, धूर चिमणीत ओढला जातो की बाहेर येतो ते पाहायला. घट्ट केलेल्या घरात ही तपासणी टाळू नका.

बाकीची कामं भराभर झाली. बाहेरच्या नळाचं होज काढलं, आतली कळ बंद करून पाणी निथळू दिलं. न गोठणारा नळ असला तरी होज लावून ठेवलात तर आत पाणी अडकून पाइप फुटतो. रेडिएटरांतली हवा सोडली, वरच्या खोलीतला तीन वर्षं थंड राहणारा शेवटचा कप्पा पहिल्यांदा गरम लागला! स्टॉर्म विंडो (थंडीसाठी बाहेरून लावायच्या जादा खिडक्या) नऊ लागल्या, दोन राहिल्या. पन्हळी एकदा साफ केल्या, पण सिल्व्हर मेपलची निम्मी पानं अजून झाडावर आहेत, तेव्हा पुन्हा चढावं लागणार. वेळ फार नाही. १९९१मध्ये इथे हॅलोविनच्या दिवशी सुरू झालेल्या वादळाने २८.४ इंच बर्फ टाकला होता, आणि इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून असतो.

विटा बुधवारी संध्याकाळी उतरवतोय. शुक्रवारी रात्री २६ अंशांचा अंदाज आहे, आकाश निरभ्र. शनिवारी साडेसातला फुटपाथवर उभा असेन, अकराव्या ओळीकडे बघत. फोटो टाकतो.