जळजळच होत नाही, मग लघवीचा संसर्ग ओळखायचा कसा?

मज्जारज्जूला इजा झाली की मूत्राशय बहुधा पूर्ण रिकामं होत नाही. तळाशी उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. मूत्राशय फार ताणलं गेलं तर त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठाही घटतो, आणि जंतूंचं फावतं. म्हणून साधारण दर ४ ते ६ तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायचा, एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. जास्त निघतंय? मग वेळा जवळ आणा, मनाने पाणी पिणं तोडू नका. धार थांबली की नळी लगेच ओढू नका. थोडी थोडी मागे घ्या, पुन्हा धार लागली की थांबा. घाईत तळाशी राहते ती नेमकी हीच लघवी.

इजेमुळे जळजळ जाणवत नाही, म्हणून पाय जास्त आखडणं, एरवी न होणारी गळती, ताप, गळून जाणं ही खरी लक्षणं. नुसता वास आला किंवा रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक नको; कॅथेटर वापरणाऱ्यांच्या लघवीत ते बहुतेकदा असतातच. कायमची नळी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा, पिशवीतला कधीच नाही.

इजा टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर तुंबलेल्या लघवीने रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो; आधी ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी पिळली-तुंबली आहे का पाहा आणि रक्तदाब मोजा. लगेच उतार पडला नाही तर थेट इमर्जन्सी गाठा.