जुहूला जायचं तर आधी तिथी बघा

'जुहू ना? संध्याकाळी कधीही जा' असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. अष्टमीच्या रविवारी गेलात तर सहाच्या सुमारास भरती पूर्ण असते. वाळूचा पट्टा आकसतो आणि उरलेल्या जागेत क्रिकेट, फुगेवाले, कणसाच्या शेगड्या आणि अर्धी मुंबई. सूर्यास्त दिसतो, पण कुणाच्या तरी खांद्यावरून.

हिशोब सोपा आहे, कोळीवाड्यात कुणीही सांगेल. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चाला. म्हणजे संध्याकाळी ऐसपैस वाळू हवी असेल तर त्रयोदशी ते द्वितीया, पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे. पावसाळ्यात मात्र याच दिवसांत दुपारी बाराच्या आसपास उधाण येतं. भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असेल तर दुपारी तिकडे फिरकूच नका.

पोहायला जुहू नाही, विषय संपला. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लू बॉटल हे जेलीफिशसारखे समुद्री जीव किनाऱ्याला लागतात: निळसर फुगा आणि मागे दोऱ्यासारखे लांब तंतू. वाळूत मेलेला पडला असला तरी डंख बसतो, म्हणून अनवाणी चालू नका. डंख बसलाच तर वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती जागा धरा. श्वास लागला किंवा सूज पसरली तर सरळ हॉस्पिटल.

पोचायला विलेपार्ले किंवा सांताक्रूझ, पश्चिम बाजू. दोन्हीकडे फास्ट लोकल थांबत नाही. चर्चगेटहून स्लो पकडा. स्टेशनपासून चौपाटी साधारण तीन किलोमीटर. फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, म्हणजे मीटरने पन्नाशीच्या आसपास होतात. 'बीच का दो सौ' म्हणणाऱ्याला हात जोडा आणि पुढच्याकडे जा.

आता खाऊगल्ली. खरी लूट इथेच. स्टॉलसमोर मेनूकार्ड फडकवत पोरं आडवी येतात, हात धरायचेच काय ते बाकी असतात. त्यांच्यामागून गेलात की आधी चटई. चटईवर टेकलात म्हणजे ऑर्डर दिलीत असंच ते धरतात, त्यामुळे भाव ठरेपर्यंत उभेच राहा. पावभाजी सांगताना 'साधी' हा शब्द मोठ्याने म्हणा, नाहीतर चीज आणि जादा बटर न मागता येतं आणि बिलात आकारलं जातं. प्लेटमध्ये पाव किती, जादा जोडी कितीला, हेही आधीच विचारा. पाण्याच्या बाटलीवरची छापील किंमत बघून तेवढेच पैसे द्या; 'थंड करायचे' म्हणून वर पाच-दहा मागतात, देऊ नका. तव्याशी उभं राहून भाजी घोटली जाताना बघा आणि तिथेच खा. बसून खाण्यापेक्षा गरमही मिळते आणि स्वस्तही पडते. गोळा खायचाच असेल तर कालाखट्टा, पण बर्फ कुठल्या पाण्याचा हे देव जाणे. पोट नाजूक असेल तर सोडून द्या.

फोटोवाले पटापट दहा क्लिक मारतात आणि दहाही प्रिंट हातात ठेवतात. 'एकच कॉपी, इतक्याला' हे कॅमेरा वर जाण्याआधी ठरवा.

सकाळी सातच्या आत गेलात तर यातलं काहीच आड येत नाही. फिरणारे, कुत्री, मोकळी हवा. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री परतताना चौपाटीच्या तोंडाशी उभ्या रिक्षांचे भाव सगळ्यात चढे असतात. मध्यरात्रीनंतर मीटरच सव्वापट, हे मात्र कायदेशीर आहे. त्याआधी निघा आणि जुहू बस स्टेशनपर्यंत चाला. 231 नंबर सांताक्रूझ स्टेशनला सोडते.