एमएच ३७० अजून सापडलं नाही
८ मार्च २०१४ ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं विमान, आत २३९ माणसं, त्यात ५ भारतीय, आणि ते अजून सापडलेलं नाही राव. रडारवरून गायब झाल्यावरही ते कित्येक तास उडत होतं हे कळलं कसं, तर सॅटेलाइटशी तासातासाला होणाऱ्या सिग्नलवरून, म्हणजे नुसतं "आहेस का?" "आहे" एवढंच, त्यात जागाबिगा काही नाही, त्याच्या आकडेमोडीवरून दक्षिण हिंदी महासागरात १ लाख २० हजार चौरस किमी तळ चाळला आणि हाती भोपळा! पंखाचा तुकडा २०१५ मध्ये मिळाला तो पार आफ्रिकेकडच्या रियुनियन बेटावर, शिंपल्यासारखे जीव चिकटलेला. मग २०२५ मध्ये मलेशिया सरकारचं ओशन इन्फिनिटी या समुद्रतळ धुंडाळणाऱ्या कंपनीशी डील झालं, सापडलं तरच ७ कोटी डॉलर, नाहीतर शून्य. हे मला पटलं बुवा.