रस्त्याकडेचा पिवळा धोतरा

होळीच्या सुमारास नागपुरातले मोकळे भूखंड उन्हाने करपू लागतात, तेव्हा वर्धा रोडच्या कडेला आणि मिहानच्या बाजूला ठळकपणे उठून दिसतो तो पिवळा धोतरा. निळसर हिरवी, काटेरी, पांढऱ्या शिरांची पाने आणि त्यावर लिंबासारख्या पिवळ्या रंगाची नाजूक फुले पाहून अनेकांना हे झाड इथलेच वाटते. प्रत्यक्षात ते मूळचे मेक्सिको आणि आसपासच्या उष्ण प्रदेशातले असून, नावात धोतरा असला तरी आपल्या नेहमीच्या धोतऱ्याशी त्याचे नाते नाही. ते अफूच्या कुळातले आहे. देठ मोडला की पिवळाजर्द चीक बाहेर येतो. हा चीक डोळ्यांत किंवा जखमेवर घालण्याचे घरगुती उपाय काही ठिकाणी सांगितले जातात. माझ्या मते ते कोणीही करू नयेत.

या झाडाबद्दल मला खरी काळजी वाटते ती त्याच्या बियांमुळे. बोंड पिकले की वरच्या टोकाकडून उकलते आणि आतून मोहरीएवढ्या काळपट बिया सांडतात. मोहरीच्या शेतात हे तण वाढले, किंवा नफ्यासाठी कोणी मुद्दाम भेसळ केली, तर या बिया मोहरीबरोबर घाण्यात जातात. त्यांच्या तेलातील सँग्विनारिन या विषारी द्रव्यामुळे केशवाहिन्या सैल होऊन त्यांतून द्रव पाझरतो, पाय सुजतात, धाप लागते, काहींना काचबिंदू होतो आणि हृदय निकामी होऊन मृत्यूही ओढवतो. १९९८ साली दिल्लीत अशाच भेसळीच्या तेलाने ६० हून अधिक माणसे दगावली.

आपल्याकडे स्वयंपाकात शेंगदाण्याचे, जवसाचे तेल चालत आले आहे, त्यामुळे हा धोका दूरचा वाटतो. पण मोहरीचे तेल वापरणारी कुटुंबे नागपुरात कमी नाहीत, आणि फोडणीची मोहरी तर प्रत्येक घरात असते. सुटी मोहरी आणली की चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहावी. मोहरीचा दाणा गोल आणि बराचसा गुळगुळीत दिसतो, तर धोतऱ्याचे बी खडबडीत, जाळीदार असून त्याला एका बाजूला बारीक टोक असते. तेलाची शंका असल्यास प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लाची चाचणी करतात. भेसळ असेल तर आम्लाचा थर नारिंगी-तांबूस होतो.

हे तण हिवाळ्यात जमिनीलगत पानांचा चक्राकार झुपका धरून वाढते आणि त्या वेळी हातमोजे घालून मुळासकट सहज उपटता येते. रिकामे भूखंड मात्र बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर साफ होतात, आणि तोवर बोंडे उकलून बी मातीत पडलेले असते. म्हणून आपापल्या वस्तीतली ही सफाई जानेवारीतच उरकावी, असा माझा आग्रह आहे.